डॉलरवाला मुकादम

भारतात कंपनी न काढता भारतात माणसं नेमा. आठवडाभरात कामावर हजर, कायद्याची कटकट आमच्याकडे. अशा अर्थाच्या जाहिराती हल्ली इंटरनेटवर जिथे जाल तिथे दिसतात. त्या असतात इंग्रजीत आणि आपल्यासाठी नसतातच. त्या असतात बर्लिनच्या, टोरांटोच्या, ऑस्टिनच्या मालकासाठी. आपण त्या जाहिरातीतला माल. मालाला कुणी जाहिरात वाचून दाखवत नाही.

बरेच दिवस या विषयावर लिहायचं म्हणतोय. लग्नकार्यात, तेराव्याला, कुठेही हा विषय निघाला की माझं कुणाशी तरी वाजतंच. तेव्हा एकदाचं सगळं लिहून टाकतो. नातेवाईक मंडळींना विनंती, पुढच्या पंगतीत मला पुन्हा विचारू नका, ही पोस्ट वाचा :-)

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. दुसरबीडात बसून लोकांची हिशेबाची कामं करतो, रिटर्न भरतो. पूर्वी माझ्याकडे येणारे म्हणजे मास्तर, कृषी केंद्रवाले, सोयाबीनचे व्यापारी. कोरोनानंतर एक नवीन गिऱ्हाईक यायला लागलं. टी-शर्टातली पोरं. पुण्याहून २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन गावी आली आणि इथेच राहिली. काम परदेशी कंपनीचं. त्यांची कागदपत्रं माझ्या टेबलावर येतात, म्हणून हे सगळं मला दिसतं. नाहीतर मीही तुमच्यासारखंच म्हटलं असतं, काय नशीब काढलं पोरानं!

या पोरांचे दोन प्रकार आहेत.

पहिल्याला कंपनी थेट डॉलर पाठवते. कागदावर तो 'कन्सल्टंट'. म्हणजे तो स्वतःच एक धंदा आणि परदेशातली कंपनी त्याची गिऱ्हाईक. प्रत्यक्षात गिऱ्हाईक एकच, कामाची वेळ ठरलेली, सुट्टी विचारून घ्यायची, सकाळी मीटिंगला तोंड दाखवायचं. याला नोकरी नाही तर काय म्हणायचं? पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही, मुलगी असेल तर बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा नाही. बदल्यात काय? तर ठरावीक व्यवसायांना कर कायद्यात सवलत आहे, आलेल्या रकमेतले निम्मेच उत्पन्न धरून कर भरता येतो. हिशेब ठेवायची कटकट नाही. पोरं त्यावर खूष. मी ते रिटर्न भरतो आणि दर वेळी त्यांना सांगतो, की बाबा, हा कर वाचला असं तू समजतोस, पण तुझ्या म्हातारपणाचा पैसा कुणीतरी दुसऱ्यानेच वाचवला आहे.

दुसरा प्रकार जास्त सभ्य दिसतो. इथे मध्ये एक तिसरी कंपनी असते. तिला म्हणतात 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड', थोडक्यात ईओआर. मराठीत सरळ सांगायचं तर कागदावरचा मालक. तिची भारतात नोंदणी असते. ऑफर लेटर तिचं, सॅलरी स्लिप तिची, पीएफ आणि टीडीएस तीच भरते. आणि काम? काम त्या बर्लिनवाल्याचं. काय करायचं, कसं करायचं, किती वाजता करायचं, पगार किती वाढवायचा, कुणाला काढायचं, हे सगळं बर्लिनवाला ठरवतो. तो ईओआरला पगार अधिक माणशी दरमहा फी देतो. झालं. या धंद्यातली जुनी मंडळी २०१२ च्या सुमाराची, आणि डील, रिमोट ही आज सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं २०१९ मध्ये सुरू झालेली. कोरोनाने या धंद्याला पंख फुटले.

आता परदेशी मालक हे का करतो, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कारण भारतात कंपनी काढणं सोपं नाही. दोन संचालक लागतात, त्यातला एक तरी वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा हवा. दोन भागधारक, दरवर्षी ऑडिट, रिझर्व्ह बँकेकडे परकीय गुंतवणुकीची माहिती, आपल्याच मूळ कंपनीशी झालेल्या व्यवहारांचा वेगळा अहवाल. तीन माणसं नेमण्यासाठी एवढा पसारा कोण मांडेल? आणि पसारा न मांडता थेट माणसं ठेवली, तर तुमचा भारतात धंदा आहे असं म्हणून आयकर खातं नफ्यातला वाटा मागू शकतं. परदेशी कंपनीला कराचा दर ३५ टक्के (२०२४ पर्यंत तो ४० होता). म्हणजे मालकाची अडचण खरी आहे. मी ती नाकारत नाही. माझं भांडण तिथून पुढे सुरू होतं.

भांडण हे, की या व्यवस्थेत मालकाची अडचण सुटते कशी? तर ती उचलून पोराच्या डोक्यावर ठेवून.

आपल्याकडच्या माणसाला ही व्यवस्था नवीन वाटायचं काही कारण नाही. ऊसतोडीची टोळी पाहिली आहे ना? कारखाना वाहतूक कंत्राटदाराशी करार करतो, कंत्राटदार मुकादमाशी, मुकादम नवराबायकोच्या जोडीला उचल देतो. जोडी म्हणजे एक कोयता. ऊस कारखान्याचा, वजनकाटा कारखान्याचा, तोडीचा कार्यक्रम कारखान्याचा. पण फडात बाईला साप चावला की कारखाना म्हणतो, ही आमची माणसं नाहीत, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणतो, मी तरी कोण, कारखान्याला विचारा. बीड-जालन्याकडच्या वाचकांना हे मी सांगायला नको.

ईओआर म्हणजे हाच मुकादम. फक्त तो डॉलरमध्ये बोलतो, वेबसाईटवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो लावतो, आणि उचल देत नाही.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, "अहो, इंजिनिअरची तुलना ऊसतोड्याशी करता?" हालांची तुलना मी करत नाही. ती कोण करेल? २० ऑगस्ट २०२१ ला आमच्या दुसरबीडजवळ, तढेगावच्या वाटेवर, समृद्धी महामार्गाच्या कामावरच्या मजुरांना आणि लोखंडी सळ्यांना एकत्र घेऊन निघालेला टिप्पर उलटला. सळ्यांखाली १३ माणसं गेली. घर सोडून शेकडो कोस लांब आलेली माणसं. आता त्या रस्त्यावरून गाड्या १२० च्या वेगाने जातात आणि कुणाला काही आठवत नाही. लॅपटॉपवाल्याच्या अंगावर सळ्या पडणार नाहीत, हे मला कळतं. पण मोठ्या कामावर काही वाईट घडलं की पहिला प्रश्न जो निघतो, तो दोन्हीकडे एकच: ही माणसं कोणाची? काम ज्याचं त्याची, की हजेरी ज्याने लावली त्याची? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात जबाबदार माणूस हात धुऊन मोकळा होतो. हालांचा फरक आहे, पळवाट तीच आहे.

आमच्या भाच्याचंच उदाहरण घ्या. (त्याला विचारून लिहितोय. दोन्ही कंपन्यांची नावं लिहिणार नाही.) सव्वादोन वर्षं तो युरोपातल्या एका कंपनीचं काम ईओआरमार्फत करत होता. काम चांगलं, पगार चांगला, घरी आईच्या हातचं खाऊन. बहीण सगळ्यांना सांगायची, "पोरगं घरीच हाये अन् पगार परदेशातून येते."

पहिली ठेच लागली गृहकर्जाला. बँकेने विचारलं, नोकरी कुठे? याने काम करतो त्या कंपनीचं नाव सांगितलं. सॅलरी स्लिपवर भलतंच नाव. बँकेतल्या साहेबांना ते नाव माहीत नाही, आणि कामवाल्या कंपनीचं पत्र मागितलं तर ती म्हणाली, तू आमचा कर्मचारी नाहीस, पत्र देता येणार नाही. दुसरी ठेच स्थळांच्या वेळी. बायोडाटावर कंपनीचं नाव काय टाकायचं, यावर आमच्या घरात तासभर खल झाला! शेवटी 'एमएनसी' लिहून वेळ मारून नेली. तेव्हा सगळे हसलो.

मग गेल्या वर्षी एका बुधवारी संध्याकाळी त्याचा लॅपटॉप आपोआप लॉगआउट झाला. तासाभराने ईओआरची मेल. तुमच्या क्लायंटने सेवा थांबवली आहे, महिन्याची नोटीस, आभारी आहोत. त्याने ईओआरला विचारलं, कारण काय? उत्तर आलं, कारण क्लायंटला माहीत. आपल्या युरोपातल्या मॅनेजरला वैयक्तिक नंबरवर विचारलं. त्याने लिहिलं, वाईट वाटलं, पण तू कायद्याने आमच्याकडे नव्हतास, वकिलांनी बोलू नका म्हणून सांगितलंय. सव्वादोन वर्षं ज्याच्याशी रोज सकाळी बोलला, तो माणूस.

त्यावर कळस म्हणजे ईओआरने सुचवलं, की तुम्ही राजीनामा दिलात तर अनुभवपत्र स्वच्छ मिळेल. पोराने मला कळायच्या आत ऑनलाईन सही ठोकून दिली. राजीनामा म्हटल्यावर कपातीची भरपाई संपली. वर्षाला १५ दिवसांच्या पगाराची भरपाई १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती आणि नव्या संहितेतही आहे. ती मागायला गेलो असतो, तर हा 'कामगार' व्याख्येत बसतो का यावर आणखी दोन वर्षं गेली असती, ते वेगळंच. बहीण एवढंच म्हणाली, "भाऊ, त्याची काय चूक झाली ते तरी कुनी सांगन का नाही?"

सांगणार कोण? ज्याला माहीत आहे तो मालक नाही, आणि जो मालक आहे त्याला माहीत नाही.

दुसरबीडात आमचा जिजामाता सहकारी साखर कारखाना होता. बंद पडला. त्या कारखान्याबद्दल गावात चांगलं-वाईट काय बोललं जातं ते असो. पण तिथे एक गेट होतं. गेटवर पाटी होती. चेअरमन कोण हे शेंबड्या पोराला माहीत होतं. कामगाराला राग आला तर तो त्या गेटसमोर सतरंजी टाकून बसू शकत होता. आमच्या भाच्याने सतरंजी कुठे टाकायची? ईओआरचं ऑफिस म्हणे बंगलोरला, तिथे दुसऱ्याच कुणाचे क्युबिकल. आणि खरा मालक साडेतीन तास मागच्या घड्याळावर.

आता सगळ्यात गंमतीची गोष्ट. खरा मालक कोण, हे आपल्या सरकारला ओळखता येत नाही असं अजिबात नाही. सरकारला स्वतःचा पैसा वसूल करायचा असला की बरोबर ओळखता येतं! २००७ चा मॉर्गन स्टॅन्लीचा खटला घ्या. अमेरिकेतून भारतात पाठवलेल्या माणसांची मूळ नोकरी तिकडेच शाबूत असेल, तर त्यांच्यामुळे अमेरिकी कंपनीचं इथे करासाठी ठाणं तयार होतं, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. २०२२ चा नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्सचा खटला तर आणखी बोलका. माणसं भारतीय कंपनीच्या हाताखाली काम करत होती, तरी कोर्टाने सगळे करार एकत्र ठेवून पाहिले, कागदापेक्षा वस्तुस्थिती पाहिली, आणि सांगितलं की त्यांचा मालक परदेशातली कंपनी. म्हणजे ही मनुष्यबळ पुरवण्याची सेवा झाली, भरा सेवाकर.

बघा, कराचा प्रश्न आला की बुरखा फाडता येतो. मग पोराच्या नोकरीचा प्रश्न आला की तोच बुरखा एवढा पवित्र का होतो?

बरं, कामगारांच्या बाजूनेही कोर्टाने हे एकदा छान केलं होतं. १९७८ मध्ये केरळच्या एका दोरखंडाच्या कारखान्याचा हुसेनभाई खटला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. कंत्राटदारामार्फत आलेले कामगार. कारखाना म्हणे आमचे नाहीत. कोर्टाने विचारलं, या माणसांची चूल कुणाच्या जोरावर पेटते? ज्याच्या हातात त्यांची रोजीरोटी, तोच मालक, मध्ये कितीही कंत्राटदार असोत. पुढे २००१ मध्ये स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी दार बरंच ओढून घेतलं. कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून माणसं आपोआप मूळ मालकाची होत नाहीत, कंत्राट निव्वळ देखावा होतं हे आधी सिद्ध करा, असं सांगितलं. पण तेवढी फट तरी उरली. भाच्याच्या बाबतीत ती फटही नाही, कारण मूळ मालक भारताच्या हद्दीतच नाही. कुणावर नोटीस बजावणार? बर्लिनला?

आणि नवे कायदे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. जुन्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक चांगली सोय होती, ती नव्या संहितेतही आहे. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा. पण 'कंत्राटी कामगार' कोण, याच्या व्याख्येतून नव्या संहितेने एक गट वगळला. कंत्राटदाराकडे जो नियमित नोकरीला आहे, ज्याला वेळोवेळी पगारवाढ आणि सामाजिक सुरक्षा मिळते, तो कंत्राटी कामगार धरायचा नाही. आता ईओआरचं ऑफर लेटर काढून वाचा. नियमित नोकरी, वार्षिक वाढ, पीएफ. बरोबर त्या अपवादाच्या मापाचा अंगरखा शिवलाय! म्हणजे पोराच्या हातात पीएफ देऊन त्याचा मूळ मालकावरचा हक्क काढून घेतला, असं माझं वाचन आहे. वकील मंडळी वाचत असतील तर त्यांनी जरूर खोडून काढावं.

"पीएफ आहे ना पण?" हे मला हमखास ऐकवलं जातं. आहे. मी पाहिलेल्या बहुतेक स्लिपांवर १,८०० रुपये. १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, पगार लाखाच्या वर असला तरी. कायद्याने चालतं. ग्रॅच्युइटीचं पाहा. वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. मूळ पगार ६०,००० असेल तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख ७३ हजार होतात. पण कायम नोकरीला पाच वर्षं सलग हवीत. परदेशी कंपनीने तिसऱ्या वर्षी ईओआर बदलला (फी स्वस्त मिळाली की बदलतात), तर पोरगा त्याच खुर्चीत, त्याच कामावर, आणि कागदावर मात्र जुनी नोकरी संपली, नवी सुरू झाली. पुढची दोन वर्षं झाली तरी हातात शून्य. ठरावीक मुदतीच्या नोकरीला आता वर्षभरानंतरही ग्रॅच्युइटी मिळते, हे नव्या संहितेचं चांगलं कलम. पण कोणतं पत्र हातात ठेवायचं, हे पोरगा ठरवत नाही.

आणखी एक विसंगती. आपला माणूस नोकरीसाठी दुबईला निघाला, तर १९८३ चा उत्प्रवास कायदा जागा होतो. भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते, सरकारकडे तारण ठेवावं लागतं, वर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' नावाचा अधिकारी असतो. हे पद गिरमिटियांच्या काळापासूनचं आहे. परक्या मुलखातल्या मालकापुढे आपला माणूस एकटा पडतो, हे गोऱ्या सरकारला सुद्धा कळलं होतं. आता माणूस जात नाही, मालकच तारेवरून घरात येतो. एकटेपणा तोच. पण माणसाने देश सोडला नाही म्हणून तो कायदा झोपलेला.

युरोपवाले स्वतःच्या घरात कसे वागतात? जर्मनीत एजन्सीमार्फत घेतलेला माणूस, सामूहिक करारात वेगळं ठरलं नसेल तर, एका ठिकाणी १८ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. २०१७ पासून हा नियम आहे. त्यापुढे ठेवलात तर तो तुमचा माणूस. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने उबरला सांगितलं, की करारात काहीही लिहा, प्रत्यक्षात चालक तुमच्या हुकुमात आहेत, त्यांना किमान वेतन आणि पगारी रजा द्या. हे त्यांच्या लोकांसाठी. दुसरबीडच्या पोराला मात्र सव्वादोन वर्षं काय, दहा वर्षं 'आमचा नाही' म्हणून ठेवता येतं.

"म्हणजे तुम्हाला हे बंदच करायचंय का? मग पोरांनी काय सोयाबीन पेरायचं?" हा आमच्या मावसभावाचा आवडता प्रश्न. बंद करा असं मी एकदाही म्हटलेलं नाही. पोरं गावात राहतात, आईबापांजवळ राहतात, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सडत नाहीत, हे मलाही हवंय. मध्ये तिसरा असणं हेच वाईट, असंही मी मानत नाही. उलट मध्ये तिसरा कसा असावा हे साऱ्या जगाला महाराष्ट्राने दाखवलंय.

१९६९ चा माथाडी कायदा आठवा. हमालाला एक मालक नसतो. आज या गाळ्यात पोतं उचलतो, उद्या त्या. मग त्याचा पीएफ कोण भरणार? अण्णासाहेब पाटलांनी लढून जे मिळवलं त्याची रचना बघा. माथाडी मंडळ. प्रत्येक व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. मंडळ हमालाला पगार देतं, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार सांभाळतं. गाळा बदलला तरी नोकरी तुटत नाही. ईओआर दुसरं काय करतो? हेच! फरक एवढाच, की मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात, मालकांचे बसतात, सरकारचे बसतात, आणि मंडळ नफ्यासाठी नाही. आजच्या माथाडी मंडळांच्या तक्रारी मला माहीत आहेत, बोगस टोळ्यांचे किस्से पण ऐकलेत. तरी कल्पना सोन्यासारखी आहे. जी गोष्ट पोती उचलणाऱ्या, अर्धवट शिकलेल्या माणसांनी छप्पन-सत्तावन्न वर्षांपूर्वी भांडून मिळवली, ती मागायची सुद्धा आमच्या बी.ई. झालेल्या पोरांना लाज वाटते. कामगार म्हटलेलं चालत नाही ना!

मग मला हवंय काय? चारच गोष्टी.

एक, ऑफर लेटरवर खऱ्या मालकाचं नाव आणि पत्ता हवा, आणि पगार, नोटीस, भरपाई यांची जबाबदारी दोघांची मिळून हवी. दोन, परदेशी मालकाला इथे खेचता येत नसेल तर ईओआरने सरकारकडे तारण ठेवावं, दुबईला माणसं पाठवणारा एजंट ठेवतो तसंच. निदान तीन महिन्यांचे पगार आणि साचलेली ग्रॅच्युइटी निघेल एवढं. तीन, काम एकाच कंपनीचं असेल तर कागदावरचा मालक कितीदा का बदलेना, नोकरी सलग धरावी. चार, काढायचा निर्णय जो घेतो त्याने लेखी कारण द्यावं.

यातली एकही गोष्ट परदेशी कंपनीला भारतात कंपनी काढायला लावत नाही. त्यांचा धंदा सुखाने चालू दे. फी थोडी वाढेल. म्हणे मग काम फिलिपिन्सला जाईल. जे काम एवढ्या खर्चाने फिलिपिन्सला जाणार आहे, ते तसंही पुढच्या वर्षी जाणारच आहे.

हे कायदे होतील तेव्हा होतील. तोवर घरातल्या पोरापोरींसाठी, माझ्या टेबलावरून थोडी कामाची यादी. सही करण्याआधी विचारा: ईओआर बदलला तर माझी जुनी सेवा धरणार का, हे लेखी द्याल का? पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापाल का? नोटीस किती, आणि दोघांना सारखीच का? नोकरी संपताना अनुभवपत्र कोण देणार, आणि त्यात मी खरोखर कुणाचं काम केलं हे लिहिणार का? शेअर देतो म्हणतात, ते कोणत्या कागदावर, आणि त्या कागदावर मी कोण आहे? कन्सल्टंट असाल तर पगारातला निदान पाचवा हिस्सा स्वतःच बाजूला टाका, कारण तुमचा पीएफवाला तुम्हीच. आणि काढलंच, तर राजीनाम्यावर त्याच दिवशी सही करू नका. एक रात्र जाऊ द्या, कुणाला तरी दाखवा. मला दाखवा, पैसे घेत नाही.

भाच्याचं सांगायचं राहिलं. त्याला चार महिन्यांनी काम मिळालं. पुन्हा परदेशी कंपनी, पुन्हा ईओआर. पण या वेळी त्याने सेवा सलग धरण्याचं कलम मागितलं. तिकडून आधी नकार, मग आठ दिवसांनी होकार आला. म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणत होता ते खरंय, मागितल्यावर देतात." मी म्हटलं, एकाला देतात, कारण एक मागतो. गावातली चार पोरं मिळून मागा, मग बघू.

त्यावर तो काही बोलला नाही. ती चार पोरं रोज संध्याकाळी फाट्यावर चहाला भेटतात, पगार एकमेकांना सांगत नाहीत. तिथून सुरुवात आहे, माझ्या मते. मावसभावाने आणि ज्यांना पटत नसेल त्यांनी खाली मुद्देसूद लिहावं. "तुम्हाला पोरांची प्रगती बघवत नाही" हा मुद्दा सोडून :-)